कॉमिक्स आर्टिस्ट व्हायचंय? मग आधी चार पानं पूर्ण करा

कॉमिक्स काढायची हौस असलेली बहुतेक मुलं एकाच जागी अडकतात. चेहरे काढतात, हिरो काढतात, तलवार उपसलेला मावळा काढतात, ड्रॅगन काढतात, सगळं सुटं सुटं, एका कागदावर एक, आणि दहावी-बारावीपर्यंत वह्याच्या वह्या भरतात पण त्यात सुरू होऊन संपलेली अशी एकही गोष्ट नसते. आणि काम देणारा माणूस, मग तो मासिकाचा संपादक असो नाहीतर एजन्सीतला कोणी, तो नेमकं तेवढंच बघतो की याने किंवा हिने सलग पानं पूर्ण केलीयेत का. भारी काढणारे खूप असतात, पूर्ण करणारे कमी. म्हणून खाली जे काही लिहितेय ते सगळं त्या पूर्ण झालेल्या पानापर्यंत कसं पोचायचं आणि मग ते पान घेऊन कामापर्यंत कसं जायचं याबद्दल आहे.

लहानपणीचं कॉमिक परत काढा

ज्या कॉमिकमुळे पहिल्यांदा पेन्सिल हातात घ्यावीशी वाटली ते शोधा. कपाटात असेल, मामाकडे माळ्यावर असेल, रद्दीवाल्याकडे मिळेल. पन्नाशीतल्या माणसाचं ते इंद्रजाल असणार, १९६४ ला सुरू झालेलं, वेताळ आणि मँड्रेक मराठीत वाचलेले. त्यानंतरच्यांचं टिंकल, नाहीतर १९९१ ला सकाळमध्ये सुरू झालेला चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकरांचा चिंटू. आत्ता शाळेत असलेल्यांचं बहुतेक मांगा म्हणजे जपानी कॉमिक, किंवा मोबाईलवर वरून खाली सरकवत वाचायचं वेबटून. काहीही चालेल, लाजायचं कारण नाही, जे मनापासून आवडलं तेच घ्या, कुणीतरी थोर म्हटलंय म्हणून दुसरं घेऊ नका.

आणि एक गोष्ट आपल्या मुलांना कुणी सांगत नाही म्हणून सांगते. कॉमिक्स हे काहीतरी अमेरिकेत जपानमध्ये होतं असं वाटतं ना, तर अनंत पैंनी १९६७ मध्ये मुंबईत अमर चित्र कथा सुरू केली आणि ती ज्यांच्या हातांनी उभी राहिली त्यात राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशी माणसं होती. अमर चित्र कथेचं ४२ अंकांचं महाभारत मुख्यतः दिलीप कदमांनी चितारलंय, ४२ अंक, रथ घोडे हत्ती सैन्य सगळं हाताने. प्रताप मुळीक पुण्यात राहायचे आणि हिंदीतल्या नागराज या सुपरहिरोची सुरुवातीची कितीतरी कॉमिक्स त्यांची आहेत. टिंकल १९८० ला आलं, त्यातला सुपंडी वाईरकरांच्या हातचा, शिकारी शंभू वसंत हळबेंचा, कालिया कावळा प्रदीप साठेंचा. म्हणजे भारतभर मुलांनी जे वाचलं ते काढणारे आपल्याच आजूबाजूच्या गल्लीबोळात बसून काढत होते. ही नावं पाठ असू द्या, तुमच्या कामाचा वारसा आहे तो.

आता त्या जुन्या कॉमिकचं करायचं काय. आवडलेलं एक पान घ्या, त्यावर बटर पेपर ठेवा आणि चित्र ट्रेस करू नका, फक्त तीन गोष्टी ट्रेस करा, चौकटींच्या कडा, संवादाचे फुगे, आणि जिथे जिथे गडद काळं भरलंय ते भाग. कागद उचलून बघा. आता चेहरे नाहीत कपडे नाहीत, तरी दिसेल की डोळा पहिल्या फुग्यावरून दुसऱ्यावर कसा घरंगळत जातो, काळा रंग तुम्हाला कुठे खेचतो, कुठली चौकट मोठी आणि का. पाच-सहा पानांचं असं केलं ना की वाचताना लक्षात न आलेलं सगळं काम उघडं पडतं.

दुसरा प्रकार जरा अवघड पण माझ्या मते सगळ्यात जास्त शिकवणारा. त्याच कॉमिकमधल्या एका न आठवणाऱ्या पानाचे फक्त संवाद कुणालातरी कागदावर उतरवून द्यायला सांगा, चित्र बघू नका, आणि त्या संवादांवरून ते पान स्वतः काढा. मग मूळ पान शेजारी ठेवा. तुम्ही सहाच्या सहा चौकटींत बोलणारी डोकी काढली असतील आणि मूळ चित्रकाराने एका चौकटीत नुसता हात दाखवला असेल, एकात दुरून अख्खं घर, एकात पाठमोरा माणूस. तो फरक म्हणजेच शिकायचा विषय.

कॉपी करणं वाईट नाही, सगळे कॉपी करूनच शिकलेत. फक्त कॉपी केलेलं स्वतःचं म्हणून टाकायचं नाही, खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहायचं, आणि एकाच माणसाची कॉपी वर्षानुवर्ष करत बसायचं नाही. तिघाचौघांची करा म्हणजे हळूहळू तुमचं काहीतरी वेगळं त्यातून बाहेर पडतं.

हात आणि डोळा

पोस्टरवाल्याला हिरो काढता आला तरी चालतं, कॉमिक्सवाल्याला प्रेशर कुकर, शेळी, रिक्षा, जिन्यावरून उतरणारी बाई, पावसात उलटलेली छत्री, सगळंच काढता यावं लागतं, कारण गोष्टीत कधी काय येईल सांगता येत नाही. त्यामुळे खिशात मावेल अशी स्केचबुक ठेवा आणि एसटी स्टँड, भाजी मंडई, लोकलचा डबा, दवाखान्याची वेटिंगची बाकडी, जिथे माणसं थांबलेली असतात तिथे काढा. अर्ध्या मिनिटात एक माणूस, चेहरा नाही काढायचा, फक्त तो कसा उभाय, वजन कुठल्या पायावर आहे, पिशवीने खांदा किती झुकलाय. नऊवारीचा काष्टा मागून कसा दिसतो हे बघितल्याशिवाय काढता येत नाही, गुगलवर सगळे फोटो लग्नातल्या पोज दिलेल्या बायकांचे असतात, काम करणाऱ्या बाईचा काष्टा वेगळा बसतो.

मग तोच माणूस परत परत काढायची सवय. एक पात्र ठरवा आणि त्याचं समोरून, बाजूने, पाऊण वळलेलं, पाठीमागून, वरून, खालून असं डोकं काढा, मग हसताना, चिडलेलं, झोप आलेलं. चौथ्या चौकटीत नाक बदललं की वाचक गोंधळतो आणि वाचक एकदा गोंधळला की गोष्ट गेली. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक पात्राला अशी एक खूण द्या की जी सावलीतसुद्धा ओळखू येईल, केसांचा आकार, टोपी, कुबड, पोट, काहीही.

शि. द. फडणीसांची चित्रं जरूर बघा, १९२५ चा जन्म, मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात शिकलेले, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकातली चित्रंही त्यांची. एकही शब्द नसतो आणि तरी अख्खा प्रसंग कळतो, घरातला आणि बाहेरचाही. त्यांच्यासारखं काढायचं नाहीये, पण त्यांच्याकडून एक सराव घ्या, सहा चौकटी, शब्द शून्य, आणि गोष्ट शेजारच्या काकूंना न समजावता कळली पाहिजे. काकूंना नाही कळली तर परत काढा. काकूंना समजावून सांगत बसू नका, छापलेल्या पानाबरोबर तुम्ही वाचकाच्या घरी जाणार नसता.

शिक्षणाचं थोडक्यात. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा द्या, दहावीला वाढीव मार्क मिळतात आणि मुख्य म्हणजे वेळेत चित्र पूर्ण करायची सवय लागते. पुढे जेजे (१८५७ पासूनची संस्था आहे), पुण्यात अभिनव, उपयोजित कलेचा कोर्स कॉमिक्सवाल्याला जास्त जवळचा कारण त्यात अक्षर, मांडणी, छपाई येते. डिझाईनकडे जायचं तर एनआयडी या डिझाईनच्या राष्ट्रीय संस्थेची परीक्षा आणि आयआयटीतल्या डिझाईनसाठी युसीड ही प्रवेश परीक्षा, आयआयटी मुंबईच्या पवईतल्या आयडीसी या डिझाईन विभागात व्हिज्युअल कम्युनिकेशन आणि अॅनिमेशन दोन्ही आहे. पण डिग्री नाही म्हणून कुणी अडवत नाही हेही तितकंच खरं. ग्रीन ह्यूमर ही वन्यजीवांवरची मालिका काढणारे रोहन चक्रवर्ती नागपूरचे, शिक्षण दातांच्या डॉक्टरचं, आणि त्यांची मालिका अमेरिकेतल्या मोठ्या सिंडिकेटने, म्हणजे अनेक वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या कंपनीने, घेतली. आईबाबांशी बोलताना हे उदाहरण वापरा पण सोबत हेही सांगा की पहिली काही वर्षं दुसरी नोकरी करून, संध्याकाळी काढायची तयारी आहे. असं सांगितलं की घरातला विरोध निम्मा होतो, माझा तरी तसाच अनुभव आहे.

आता ती चार पानं

दोनशे पानांची महागाथा मनात असेल तर ती वहीत लिहून बाजूला ठेवा. पहिली गोष्ट एका पानाची, दुसरी चार पानांची, मग आठ. चार पानात काय मावतं? एक जागा, दोन माणसं, एक अडचण. बास.

एक उदाहरण घेऊन सगळं पान करून बघू. स्वारगेट स्टँड, आजी आणि नातू कोल्हापूरच्या गाडीत बसलेत, नातू पाण्याची बाटली आणायला खाली उतरतो आणि तेवढ्यात गाडी सुटते. आधी हे चित्रांत नाही, शब्दांत लिहायचं, चौकट क्रमांक, काय दिसतं, कोण काय बोलतं. पहिली चौकट पानाच्या पूर्ण रुंदीची, स्टँड, उभ्या गाड्या, गर्दी, खिडकीत आजी-नातू छोटेसे. जागा कुठली हे एकदा नीट दाखवलं की पुढच्या चौकटींत पार्श्वभूमी मोकळी सोडली तरी चालते. दुसरीत आजी, 'पाणी आण रे, पण पटकन ये.' तिसरीत टपरी, पोराचा हात आणि नोट, तोंड दाखवायची गरज नाही. चौथी अगदी छोटी चौकट, कंडक्टरचा हात, दोरी, आणि टिंग टिंग. डबल बेल म्हणजे गाडी सुटली हे महाराष्ट्रात पोराटोरालाही माहितीये, त्यामुळे तिथे एकही वाक्य लिहायचं नाही. पाचवीत पोरगा वळतो, हातात बाटली. सहावीत रिकामा फलाट आणि धूर.

ही सहावी चौकट पुस्तकात उजव्या हाताच्या पानावर अगदी शेवटी यायला हवी, कारण पुढे काय झालं ते बघायला वाचकाला पान उलटावं लागतं. उलटलं की वरच्या मोठ्या चौकटीत, गाडी फाटकात थांबलीये आणि आजी पदर खोचून गाडीच्या पुढ्यात उभी, हात वर केलेला. हाच क्षण समोरासमोरच्या पानावर ठेवला असता तर वाचकाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात आजी आधीच दिसली असती आणि सगळी गंमत गेली असती. कुठला प्रसंग कुठल्या पानावर पडतो हे म्हणून पेन्सिल लावायच्या आधी ठरवायचं, कागदाच्या छोट्या छोट्या चौकोनांत, काडीची माणसं काढून, प्रत्येक पानाला पाच-दहा मिनिटं. एका पानाचे असे तीन वेगवेगळे कच्चे आराखडे काढा आणि तिसराच बहुतेक बरा निघतो.

अजून दोन बारीक गोष्टी याच पानावर. आजी डावीकडे आणि नातू उजवीकडे असेल तर ते तसंच ठेवा, मध्येच बाजू बदलली की कोण कोणाशी बोलतंय कळत नाही, आणि जो आधी बोलतो तो डावीकडे बरा, कारण आपण डावीकडून वाचतो. गाडीही डावीकडून उजवीकडे धावू दे, उलट काढली तर ती परत येतेय असं वाटतं.

फुगे कच्च्या आराखड्यातच काढा, चित्र झाल्यावर उरलेल्या जागेत कोंबायचे नाहीत. मराठीत तर फारच जपावं लागतं, कारण देवनागरीला वर मात्रा वेलांट्या रफार आणि खाली उकार, रुकार. इंग्रजी ओळींएवढं अंतर ठेवलं तर खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन चिकटतो, त्यामुळे दोन ओळींत जास्त जागा, म्हणजे फुगा मोठा, म्हणजे वाक्य लहान. एका फुग्यात साधारण पंधरा शब्दांच्या वर गेलात की दोन फुगे करा. इंग्रजी कॉमिक्समध्ये सगळं कॅपिटलमध्ये लिहितात, आपल्याकडे तो प्रकारच नाही, त्यामुळे ओरडणं दाखवायचं तर जाड अक्षर, मोठं अक्षर, फुग्याची काटेरी कड. शब्द तोडून रेघ देऊन पुढच्या ओळीत नेऊ नका, फार विचित्र दिसतं. आणि आधी मजकूर बसवा मग त्याच्याभोवती फुगा काढा, उलटं नाही.

फॉन्टचं म्हणाल तर कलम, टिलाना, बालू हे देवनागरी फॉन्ट फुकट आहेत आणि छापायलाही परवानगी आहे, बालू मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा आहे आणि मुलांच्या कॉमिकला छान बसतो. प्रेसवाल्याकडे अजूनही बऱ्याचदा श्रीलिपी हे जुन्या पद्धतीचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर असतं, तुमचा युनिकोड मजकूर तिकडे उघडला की जोडाक्षरं फुटतात, म्हणून अक्षरांचे आकार करून किंवा फॉन्ट आत टाकून पीडीएफ द्या. थोड्या जुन्या फोटोशॉपमध्ये वेलांटी भलत्या जागी जात असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड रेडी लेआउट चालू करा, नव्वद टक्के वेळा तिथेच घोळ असतो. हाताने लिहिता येत असेल तर त्याहून सुंदर काही नाही. आणि आवाज तर हातानेच लिहा, खळ्ळकन, धप्प, खाडकन, टण्ण. आपल्याकडे शिरोरेघ आहे ना, ती इतकी कामाची आहे या बाबतीत, काच फुटली तर शिरोरेघेला तडा द्या, पाऊस असेल तर तिच्यावरून थेंब गळू द्या, गाडी करकचून थांबली तर ती रेघ पुढे घासत न्या. इंग्रजी अक्षरांना ही सोयच नाही, आणि मराठी कॉमिक्समध्ये ही अजून नीट वापरलीच गेली नाहीये असं मला मनापासून वाटतं, तुम्ही वापरा.

सामान

फार खर्च नको. कागद कार्ट्रिज किंवा आयव्हरी, छापायच्या आकारापेक्षा मोठा, म्हणजे ए-४ ला छापायचं असेल तर ए-३ वर काढा, लहान करताना रेघ आवळून येते आणि थरथर दिसत नाही. एचबी किंवा २एच पेन्सिल, कॅम्लिनची वॉटरप्रूफ काळी शाई, दोन किंवा तीन नंबरचा गोल ब्रश, एक निबवाला टाक, चौकटींसाठी एखादा पिगमेंट पेन. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सगळं एका चकरेत मिळतं. ब्रशने शाई लावायला सुरुवातीला राग येतो पण त्या रेघेला जी जाड-बारीक लय येते ती कुठल्याच मार्करने येत नाही, महिनाभर रोज एक पान फक्त रेघांचं करा. ब्रश बुडाशी शाई वाळू न देता साबणाने धुवा, टोक ओठाने नाही बोटाने करा.

डिजिटल करायचं तर कॉम्प्युटरवर कृता फुकट आहे आणि चांगलं आहे, मोबाईलवर आयबिस पेंट, पैसे असतील तर क्लिप स्टुडिओ, आयपॅड असेल तर प्रोक्रिएट. स्क्रीनवाला महागडा टॅब्लेट पहिल्याच वर्षी घेऊ नका, साधा छोटा पेन टॅब्लेट पुरतो. ए-४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, त्याहून लहान फाईलवर काम करू नका, आणि निव्वळ काळंपांढरं असेल तर स्कॅन ६०० ला करा. चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छापल्यावर कापली जाणारी जादा कड, सोडा, आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून बोटभर आत. संवादाची अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा, चार रंग मिसळून काळं केलं आणि छपाईत जरा प्लेट हलली तर अक्षरांना लाल-निळी झाक येते. स्क्रीनवरचा झगझगीत निळा आणि पोपटी कागदावर तसा येत नाही, त्यामुळे आधी एक प्रूफ म्हणजे नमुना छापून बघायचाच.

मनगट आणि पाठीची काळजी पहिल्या दिवसापासून. पाऊण तासाने उठायचं, टेबल तिरकं करायचं, खांद्यातून रेघ मारायची सवय करायची. या धंद्यात हात दुखून काम सोडलेली माणसं आहेत.

छापणं, दाखवणं

चारचार आठआठ पानांच्या तीन गोष्टी झाल्या की स्वतःच एक पुस्तिका छापा. सेंटर पिनिंग, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारून पुस्तिका करायची तर एकूण पानं चारच्या पटीत हवीत, १६, २०, २४, अशी, कव्हर धरून की न धरून हे प्रेसवाल्याला आधी विचारा. कमी प्रतींसाठी डिजिटल प्रिंट, ऑफसेट मोठ्या संख्येलाच परवडतं. पहिल्यांदा पन्नास प्रती भरपूर झाल्या. कॉमिक कॉन भारतात २०११ ला दिल्लीत सुरू झालं आणि मुंबईतही होतं, तिथे टेबल घेता येतं, दोघंतिघं मिळून घ्या म्हणजे भाडं वाटलं जातं. मुंबईचे अभिजित किणी टिंकलसाठीही काढतात आणि स्वतःची अँग्री मावशीही स्वतःच छापतात, दोन्ही एकत्र चालू शकतं याचं ते चांगलं उदाहरण आहे. टेबलावर उभं राहिल्यावर लोक कुठलं पान उघडून थांबतात ते बघा, त्या निरीक्षणाचे पैसे भाड्यातच वसूल होतात.

मराठीत दिवाळी अंक ही फार मोठी जागा आहे आणि कॉमिक्सवाली मुलं तिकडे बघतच नाहीत. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या मनोरंजनपासूनची परंपरा आहे, व्यंगचित्रांना तिथे कायम मान मिळालाय, आणि दोन-चार पानांची चित्रकथा संपादकाला दाखवली तर तो नाही म्हणेलच असं नाही. फक्त दिवाळी जवळ आल्यावर नाही, पाऊस सुरू होतानाच विचारायला हवं, गणपतीपर्यंत बरेचसे अंक भरलेले असतात. बालभारतीचं किशोर १९७१ पासून निघतंय, मुलांसाठी काढत असाल तर ते आधी नीट वाचा, मग पाठवा.

निव्वळ कॉमिक्सवर घर चालवणं सुरुवातीला जमत नाही हे स्पष्ट सांगते. पण कॉमिक्स येणाऱ्या माणसाला बाकी कामं मिळतात, जाहिरातींचे आणि मालिकांचे स्टोरीबोर्ड (शूटिंगच्या आधी काढलेले प्रसंगांचे चित्र-आराखडे), मुलांची पुस्तकं, संस्थांची आरोग्यावरची पाणीप्रश्नावरची माहितीपर कॉमिक्स, अॅनिमेशनची पार्श्वभूमी. स्टोरीबोर्डमध्ये तर कॅमेरा कुठे ठेवायचा हेच काढायचं असतं आणि ते तुम्ही चौकटी काढताना शिकलेलेच असता.

पोर्टफोलिओ पाठवताना आठ ते बारा पानं, सलग पानं, सुटी पोस्टर्स नाहीत. त्यात एक पान दोन माणसं नुसती बोलतायत असं हवं, एक धावपळीचं, एक गर्दीचं, आणि निदान एक मराठी अक्षरांसहित. जिथे पाठवताय त्यांच्या धाटणीचं एखादं पान मुद्दाम करून पाठवलं तर फरक पडतो. कच्चे पेन्सिल आराखडे आणि लेयर असलेल्या फाईल जपून ठेवा, एआयमुळे आता क्लायंट विचारतात की हे हाताने केलंय का, तेव्हा तेच दाखवायचे.

कागदपत्रं, पैसा

हा भाग कंटाळवाणा म्हणून सोडू नका, इथेच जास्त नुकसान होतं. भारतातला कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे, चित्राचा हक्क साधारणपणे काढणाऱ्याकडे जन्मतः असतो आणि तो हयातभर आणि नंतर ६० वर्षं टिकतो. नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून काढलंत तर मात्र वेगळं ठरलेलं नसेल तोवर हक्क मालकाचा, आणि पैसे देऊन कुणी सांगून काढून घेतलेल्या काही प्रकारच्या चित्रांवरही सांगणाऱ्याचा हक्क येऊ शकतो, म्हणून 'आपलीच माणसं आहेत, कागद कशाला' असं म्हणू नका. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि तुमच्या सहीनेच देता येतो. किती वर्षांसाठी ते लिहिलेलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, कुठल्या भागासाठी ते नसेल तर फक्त भारत. म्हणजे करारात 'कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत' असं दिसलं की थांबा आणि त्याचे वेगळे पैसे मागा, किंवा तो शब्द खोडायला सांगा. पात्र तुम्ही तयार केलं असेल तर खेळणी, टीशर्ट, अॅनिमेशन यांचे हक्क वेगळे लिहून घ्या. आणि हक्क दिला तरी 'हे मी काढलंय' असं म्हणायचा हक्क कायद्याने तुमच्याकडेच राहतो, त्यामुळे पुस्तकात नाव छापायचं हे मागताना संकोच करायचा नाही.

दर पानामागे सांगा. त्यात स्क्रिप्ट कुणाची, पेन्सिल-शाई-रंग-अक्षरं यातलं काय काय तुम्ही करणार, किती वेळा बदल फुकट आणि त्यानंतर किती, हे मेलवर लिहून टाका. बदल पेन्सिलच्या टप्प्यावर करून घ्या, शाई झाल्यावरचा बदल म्हणजे नवं पान. दर कसा काढायचा तर एक पान तुम्हाला खरंच किती तास लागतं ते घड्याळ लावून मोजा, आणि तेवढे तास दुसऱ्या कामात किती मिळाले असते त्याच्या खाली जाऊ नका. 'एक्स्पोजर मिळेल' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा, ओळखीसाठी काढायचंच असेल तर स्वतःची गोष्ट काढा. तीस ते चाळीस टक्के आगाऊ, बाकीचे पैसे फाईल देताना, आणि छपाईच्या मोठ्या फाईल पूर्ण पैसे आल्यावरच.

उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी ऑनलाईन आणि फुकट आहे, ती करून बिलावर नंबर टाका. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात आणि उशीर झाला तर व्याज लागतं असा कायदा आहे, नुसता तो नंबर बघून अकाउंटवाल्यांचा हात जरा लवकर चालतो. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापलेला कर, तो लागतो त्याहून जास्त कापला असेल तर रिटर्न भरून परत मिळवा, बरीच मुलं भरतच नाहीत आणि स्वतःचेच पैसे सोडून देतात.

मेल पाठवताना लांबलचक आत्मचरित्र नको. तुम्ही कोण, कुठे राहता, काय काढता, दोन ओळी, पीडीएफ पाच-दहा एमबीच्या आत, फाईलला तुमचं नाव, फोन नंबर शेवटी. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा. तरी नाही आलं तर सहा महिन्यांनी नव्या गोष्टीची नवी पानं घेऊन परत त्याच माणसाला मेल करा, जुन्याचा उल्लेख न करता. आणि त्या सहा महिन्यांत काढायची गोष्ट मेल पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुरू करा.